कोरड्या बोअरचीही नोंद हवी
(उन्हाळ्यातल्या रोजनिशीची पाने)

१२ एप्रिल

विहिरीचा तळ दिसायला लागला. मोटर जेमतेम अर्धा तास चालते आणि हवा ओढते. डाळिंबाचं ठिबक एक दिवसाआड होतं, ते भावानं आजपासून दोन दिवसांआड केलं. माण तालुका पर्जन्यछायेतला. एप्रिलमध्ये पाण्याचा विषय निघत नाही असं घर इथे सापडायचं नाही. रात्री जेवताना ठरलं की बोअर मारायचा.

"पाणाड्याला निरोप धाडलाय, परवा येतील," भाऊ म्हणाला. "पलीकडच्या वाडीत त्यांनी दिलेल्या पॉइंटला दणकून पाणी लागलं."

भाची पुण्याला भूगर्भशास्त्र शिकते, सुट्टीला आली आहे. ती म्हणाली, "बाबा, आधी मोजणी करून घेऊ या की."

"दोन्ही करा," वहिनी म्हणाली. "पैसा एकदाच जाणार आहे."

वहिनीचं खरं आहे. बोअरचा पैसा कर्जाचा आहे, आणि बोअर कोरडा गेला तरी गाडीवाल्याला फुटावर पैसे मोजावेच लागतात. मी हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवलं. पाणाड्याच्या काडीला खरंच पाणी कळतं का, हे मुलं वर्गात विचारायची. या प्रश्नावर जगात खूप वाद झाला आहे आणि चांगले प्रयोगही झाले आहेत. आता तो प्रश्न आमच्या बांधावर आला आहे. म्हणून जे पाहीन आणि वाचीन ते लिहून ठेवायचं ठरवलं.

१४ एप्रिल

पाणाडे आबा सकाळी उन्हाच्या आत आले. वय सत्तरीच्या पुढचं, अंग काटक, बोलणं थोडं. पैसे घेत नाहीत. नारळ आणि येण्याजाण्याचा खर्च, एवढंच. पाणी दाखवण्याचे पैसे घेतले की विद्या जाते, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं.

आपल्याकडे पाणी बघण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. कोणी तळहातावर नारळ आडवा धरून चालतो आणि तो उभा राहिला की थांबतो. कोणी तांब्याच्या दोन वाकवलेल्या तारा धरतो, कोणी दोऱ्याला लोलक बांधतो. पायाळू माणसाला जमिनीखालचं दिसतं, अशीही समजूत आहे. आबांची तऱ्हा कडुलिंबाच्या बेचक्याची. दोन टोकं दोन मुठींत, तळवे आकाशाकडे, मधलं टोक पुढं.

चालण्याआधी त्यांनी सगळं रान न्याहाळलं. ओढा कुठून वळतो, बांधावरचं उंबराचं झाड, शेजारच्या विहिरी कोणत्या बाजूला, सगळं पाहिलं. मग चालू लागले. उंबराच्या अलीकडे काडी सरकन खाली वळली. त्यांनी मुठी इतक्या घट्ट आवळल्या होत्या की काडीची साल पिळवटून हातात आली. तळवे लाल झाले. त्यांनी तिथे दगड ठेवला. आणखी एक जागा दाखवली, ती दुय्यम.

हा माणूस ढोंग करत नाही, हे मी आधीच लिहून ठेवते. काडी त्यांच्या हातात खरोखर वळली आणि आपण ती वळवली असं त्यांना अजिबात वाटलं नाही. वाद समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करायला हवी.

१५ एप्रिल

काडी का वळते, याचं उत्तर विज्ञानाकडे पक्कं आहे. बेचक्याच्या दोन फांद्या बाहेर ताणून धरल्या की काडीत ताण साठतो. ती अशा अवस्थेत असते की मनगट जरासं आत किंवा बाहेर कललं तरी साठलेला ताण एकदम सुटतो आणि टोक जोरानं वर किंवा खाली जातं. हालचाल मनगटाची असते इवलीशी, काडीची मात्र मोठी. धरणारा काडी अडवायला मुठी आवळतो, त्यानं ताण आणखी वाढतो. साल निघते ती त्यामुळे.

मनगट का कलतं, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यानं शोधलं. पाऱ्याच्या भांड्यावर धरलेला लोलक झुलतो, आणि मध्ये काच सरकवली की थांबतो, असं त्याला आधी स्वतःच्याच हातात दिसलं. मग त्यानं डोळे बांधून घेतले आणि काच कधी सरकवायची ते दुसऱ्यावर सोपवलं. काचेचा परिणाम नाहीसा झाला. लोलक हलवत होती ती त्याची स्वतःची अपेक्षा. हे त्यानं १८३३ मध्ये अँपिअरला लिहिलेल्या पत्रात मांडलं आणि १८५४ मध्ये पाणाड्यांच्या काडीवर ग्रंथच लिहिला. १८५२ मध्ये इंग्लंडच्या विल्यम कार्पेंटरनं या नकळत होणाऱ्या हालचालींचं तत्त्व मांडलं: मनात कल्पना आली की इच्छा नसतानाही स्नायू तिच्या दिशेनं हलतात. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडेनं प्रेतात्म्यांच्या बैठकीत फिरणाऱ्या टेबलांवर प्रयोग करून दाखवलं की टेबल बसलेल्यांचे हातच ढकलतात, आणि त्यांना ते कळत नाही.

भाचीनं मला बेचकं करून दिलं. आबांच्या दगडाजवळ आल्यावर ते माझ्याही हातात वळलं. दगड कुठे आहे हे मला ठाऊक होतं, त्यामुळे त्यातून पाण्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. मात्र स्नायूंची ही चाल आपल्याला किती अनोळखी असते, ते हाताला कळलं.

पण एवढ्यानं वाद मिटत नाही. भाची बरोबर बोलली: "आत्या, हात काडी हलवतो हे मान्य. पण त्या हाताला पाणी कळत असेल तर?" खरा प्रश्न हाच आहे.

१८ एप्रिल

दोन दिवस जुन्या गोष्टी वाचल्या. युरोपात काडीची पहिली ठळक नोंद खाणींतली. जर्मन विद्वान अॅग्रिकोला याच्या १५५६ च्या खाणकामावरील ग्रंथात काडी घेऊन डोंगरात हिंडणाऱ्या माणसांचं चित्र आहे. सोबत सल्लाही आहे की शहाण्या खाणकऱ्यानं काडीच्या नादी न लागता जमिनीवरच्या नैसर्गिक खुणा वाचाव्यात. १६९२ मध्ये फ्रान्सच्या जॅक एमारनं काडीनं लिऑनच्या खुन्यांचा माग काढला म्हणून त्याचा गवगवा झाला. पॅरिसला नेऊन पारखल्यावर मात्र त्याला काहीच जमलं नाही.

अॅग्रिकोलाच्या हजार वर्षं आधीचा आपला वराहमिहिर. बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अध्याय आहे, तो सगळा भूजलावर. त्यात काडी नाही. कोणतं झाड, त्याच्या कोणत्या दिशेला किती हातांवर, वारूळ आहे का, मातीचा रंग काय, खडक कसला, किती पुरुष खोल पाणी, असे ठोकताळे आहेत. त्यातले काही चुकीचे ठरतील, काही बरोबर. पण प्रत्येक ठोकताळा खणून तपासता येतो. त्या दिवशी आबा उंबराकडे पाहत होते, ती नजर या परंपरेतली आहे. ती मला मोलाची वाटते.

काडी अडाण्यांची, असं म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. १९२० च्या दशकात मुंबई सरकारनं मेजर पॉग्सन या इंग्रज अधिकाऱ्याला अधिकृत पाणाड्या म्हणून नेमलं होतं. आणि २०१७ मध्ये सॅली ल पाज या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ महिलेनं तिथल्या पाणीपुरवठा कंपन्यांना विचारलं, तेव्हा बारापैकी दहा कंपन्यांनी कबूल केलं की त्यांचे काही कर्मचारी गळती शोधायला अजून वाकड्या तारा वापरतात.

२० एप्रिल

आज आबांना विचारलं, "आबा, एक पारख करू या का?" ते आनंदानं हो म्हणाले. विहिरीपासून बागेपर्यंत जमिनीखालून पाइपलाइन गेली आहे. भाचीनं मोटरघरात बसायचं, नाणं उडवायचं, छापा पडला तर टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा, काटा पडला तर बंद ठेवायचा, आणि वहीत लिहायचं. आबांनी लाइनवरून जाऊन पाणी वाहतंय की नाही ते सांगायचं, ते मी लिहायचं. व्हॉल्व्हची स्थिती मलाही माहीत नव्हती, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून काही कळायला नको.

ही रीत माझी नाही. १९९० मध्ये जर्मनीतल्या कासेल इथे अशीच परीक्षा झाली. तीस पाणाडे आले. अर्धा मीटर खोल पुरलेल्या प्लास्टिकच्या नळातून पाणी वाहतंय की बंद आहे, एवढंच सांगायचं होतं. ही रीत न्याय्य आहे, असं त्यांनी आधी मान्य केलं, आणि पूर्ण यशाची त्यांना खात्री होती. निकाल नाणं उडवून मिळाला असता तसाच आला.

आमच्या दोन वह्याही संध्याकाळी समोरासमोर ठेवल्या. मेळ नव्हता. आबा रागावले नाहीत. थोडं थांबून म्हणाले, "ताई, नळातलं पाणी निराळं. जमिनीतलं पाणी जित्तं असतंय. माझी काडी जित्त्या पाण्याला वळती."

कासेलचे पाणाडेही परीक्षेनंतर निरनिराळी कारणं सांगू लागले होते. तरी आबांचा आक्षेप मी बाजूला सारणार नाही. नळावरची परीक्षा नळापुरतीच बोलते. जिवंत झऱ्याची परीक्षा वेगळी घ्यायला हवी, हे त्यांचं म्हणणं तर्काला धरून आहे.

२३ एप्रिल

या वादातला सर्वांत मोठा प्रयोग म्युनिकचा. जर्मन सरकारच्या पैशानं १९८७–८८ मध्ये तो झाला, आणि करणारे भौतिकशास्त्रज्ञ काडीकडे सहानुभूतीनं पाहणारे होते. सुमारे पाचशे जणांतून ४३ निवडले. एका धान्यकोठाराच्या तळमजल्यावर गाडीवर पाण्याचा नळ ठेवला आणि दर वेळी तो चिठ्ठ्या टाकल्यासारखा दैवयोगानं सरकवला. पाणाडे वरच्या मजल्यावर दहा मीटरच्या रेघेवरून चालत आणि नळ कुठे आहे ते दाखवत. एकूण ८४३ चाचण्या झाल्या.

प्रयोग करणाऱ्या हान्स-डीटर बेट्झ आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष काढला की बहुतेकांना काही जमलं नाही, पण मोजक्या काही जणांकडे ही शक्ती निश्चित आहे. ती आकडेवारी अमेरिकेतल्या जिम एनराइट या शास्त्रज्ञानं पुन्हा तपासली आणि १९९५ मध्ये उत्तर छापलं. ४३ जणांनी चाचण्या दिल्या की त्यात पाच-सहा जण नशिबानं पुढे दिसणारच. खरी शक्ती असेल तर तोच माणूस पुढच्या फेरीतही चमकला पाहिजे. तसं झालं नव्हतं. एनराइटनं आणखी एक साधा हिशेब मांडला. काहीही न करता प्रत्येक वेळी रेघेच्या मधोमध बोट ठेवलं तर सरासरी चूक किती येईल? सर्वोत्तम पाणाड्याची चूक त्यापेक्षा दहा मीटरमागे फक्त चार मिलिमीटरनं कमी होती.

हा हिशेब मी फळ्यावर आनंदानं शिकवला असता. आकडे एकच, निष्कर्ष दोन. फरक इतकाच की एकानं जिंकलेले वेचून पाहिले आणि दुसऱ्यानं सगळ्यांची बेरीज केली.

२७ एप्रिल

आता आबांचा आक्षेप, जिवंत पाण्याचा. त्याच बेट्झ यांनी १९९५ मध्ये जर्मन मदतसंस्थेच्या कामाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातलं श्रीलंकेचं उदाहरण काडीच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मानला जातो. कोरड्या भागात ६९१ बोअर घेतले. जागा दाखवायला हान्स श्रॉटर हे पाणाडे होते. यशाचं प्रमाण ९६ टक्के. नेहमीच्या पद्धतीनं तिथे तीस ते पन्नास टक्केच यश मिळालं असतं, असा बेट्झ यांचा अंदाज.

आकडा डोळ्यांत भरतो. भाऊ म्हणाला, "मग? आणखी काय पाहिजे?"

मी म्हटलं, "दुसरा आकडा पाहिजे." त्याच रानात, त्याच ऋतूत, त्याच गाडीनं, काडी न वापरता निवडलेल्या जागी बोअर घेतले असते तर किती यशस्वी झाले असते? तसे बोअर घेतलेच नाहीत. तीस ते पन्नास हा अंदाज आहे, मोजणी नाही. शिवाय काडी हाती असलेला माणूस डोळे मिटून चालत नव्हता. वर्षानुवर्षांच्या अनुभवानं त्याला जमीन वाचता येत होती, सोबत जाणकार माणसं होती. यशाचं श्रेय काडीचं की नजरेचं, हे या अहवालातून वेगळं काढता येत नाही.

दोन्ही आकडे शेजारी ठेवलेला एक अभ्यास आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या फेन्स लेक या कोरडवाहू वस्तीत मानववंशशास्त्रज्ञ इव्हॉन व्होग्ट यांनी विहिरींची गणती केली आणि १९५२ मध्ये ती प्रसिद्ध केली. काडीनं दाखवलेल्या जागी २४ विहिरींना पाणी, ५ कोरड्या. काडीशिवाय घेतलेल्यांत २५ ना पाणी, ७ कोरड्या. म्हणजे ८३ टक्के आणि ७८ टक्के. इतक्या थोड्या विहिरींत या फरकाला अर्थ उरत नाही.

व्होग्ट यांनी लोकांची थट्टा केली नाही. जिथे भूगर्भ अनिश्चित आहे आणि चूक परवडत नाही, तिथे काडी माणसाला निर्णय घेण्याचं बळ देते, असं त्यांनी लिहिलं. भावाच्या तोंडाकडे पाहिलं की ते पटतं. त्याला पाण्याइतकीच, "इथंच खण" असं ठामपणे सांगणाऱ्या माणसाची गरज आहे.

३० एप्रिल

भाचीबरोबर गावातल्या विहिरी आणि बोअर पाहत फिरले. प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न: किती फूट, पाणी कितीला लागलं, खडक कसला निघाला, जागा कोणी दाखवली, मे महिन्यात चालतो का?

पाणी लागलेल्या बोअरची हकीकत माणसं उत्साहानं सांगतात. पाणाड्याचं नाव, दिवस, वेळ, नारळ कोणी फोडला, सगळं लक्षात असतं. कोरड्या बोअरची वेळ आली की बोलणं थांबतं. एका काकांनी केसिंगवर दगड ठेवून वर माती ओढली होती. "कशाला त्याची आठवण?" म्हणाले. कर्ज अजून फिटायचं आहे. कोणाच्या पॉइंटला किती बोअर फेल गेले, याची नोंद गावात कुठेच नाही. आबांनाही फक्त लागलेले ठाऊक आहेत, कारण कोरडा गेला की कोणी सांगायला येत नाही. त्यांचा विश्वास खोटा नाही, पण तो अर्ध्या माहितीवर उभा आहे.

खडकाविषयी भाची बोलत होती ते लिहून ठेवते. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक वाहत गेलेले हे थर. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट काळा पाषाण, वरचा भाग सच्छिद्र. मध्ये कुठे कुठे तांबडा गेरूसारखा थर. पाणी राहतं ते मुरमात, भेगांत, सच्छिद्र भागात आणि थरांच्या सांध्यात. घट्ट पाषाणात जवळजवळ काहीच नाही. म्हणून आपल्याकडे दहा पावलांनी नशीब बदलू शकतं. नदीकाठच्या गाळाच्या मैदानात कुठेही खणा, पाणी लागतं. तिथे पाणाडा चुकूच शकत नाही. इथे चुकू शकतो आणि पाणाड्याची गरजही इथेच वाटते.

४ मे

आज भूजलतज्ज्ञ मोजणीला आले. त्यांनी एका रेषेत चार सळया जमिनीत ठोकल्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची, आतल्या दोन सळयांमध्ये विजेचा दाब मोजायचा. सळया जसजशा लांब नेतात तसतशी खोलवरची माहिती येते. घट्ट कोरडा पाषाण विजेला फार अडवतो, भेगाळलेला ओला खडक कमी अडवतो. फ्रान्सच्या श्लुंबर्जर बंधूंनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत रूढ केली.

त्यांनी यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या. चिकण माती वीज कमी अडवते, पण पाणी सोडत नाही. तिथे यंत्र फसतं. यंत्र मोठ्या भागाची सरासरी दाखवतं, एखादी अरुंद भेग निसटते. "मी पाणी दाखवत नाही, शक्यता सांगतो," असं ते म्हणाले. ओढ्याच्या वळणाजवळचा पॉइंट त्यांनी पहिला ठेवला, आबांच्या दगडाजवळची जागा मध्यम म्हणून लिहून दिली.

जाताना त्यांनी विचारलं, "तुमच्या शेजारच्या बोअरच्या नोंदी आहेत का? त्या असत्या तर माझं अर्धं काम झालं असतं." भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून राज्यात काम करते. तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. पण प्रत्येक शेतातल्या बोअरची खबर सरकारी माणूस कुठून ठेवणार? ती गावानंच ठेवायला हवी.

९ मे

बोअर झाला. भावानं आबांनी दाखवलेली जागा घेतली. निर्णय त्याचा, कर्ज त्याचं, मी अडवलं नाही. गाडी रात्री आली. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या गाड्या देशभर फिरतात, त्यातलीच एक. नारळ फुटला, हॅमर सुरू झाला. आधी मुरूम, मग काळी भुकटी, खूप वेळ नुसती काळी भुकटी. भावाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एकशे ऐंशी फुटांच्या आसपास भुकटी तांबूस झाली, मग ओली झाली, आणि पाण्याचा लोट वर आला. गाडीवाला म्हणाला, दीड इंच.

वहिनीनं डोळ्यांना पदर लावला. भावानं आबांचे पाय धरले. मीही त्यांच्या पाया पडले, मनापासून. घरात पाणी आलं यापेक्षा मोठी गोष्ट आज नाही.

१० मे

भाऊ सकाळी म्हणाला, "आता तरी पटलं ना, ताई?"

मी त्याला जे सांगितलं ते लिहिते. पाणी लागलं याचा मला आनंद आहे. पण काडीला पाणी कळतं हे त्यानं ठरत नाही. ओढ्याच्या वळणाला बोअर घेतला असता तर काय झालं असतं, ते आपल्याला कधीच कळणार नाही. उंबराच्या झाडाजवळ, शेजारच्या चालू विहिरींच्या ओळीत पाणी लागण्याची शक्यता मुळातच बरी होती, आणि आबांनी ते झाड आणि ती ओळ चालण्याआधी पाहिली होती. आबांच्या नजरेला मी मान देते. काडीला देत नाही, कारण नजर बांधून काडीची जिथे जिथे पारख झाली, तिथे तिथे ती उतरली नाही. आणि बोअर यशस्वी झाला की नाही, हे पुढच्या मे महिन्यात कळेल. आज लागलेलं पाणी उन्हाळाभर टिकलं तरच ते खरं.

भावाला सगळं पटलं नाही. त्यानं विचारलं, "पण काडीनं बिघडतं काय? आबा तर पैसे पण घेत नाहीत."

१३ मे

काय बिघडतं, याचं उत्तर शोधताना इराकची गोष्ट सापडली. जेम्स मॅककॉर्मिक या ब्रिटिश व्यापाऱ्यानं प्लास्टिकच्या मुठीवर फिरणारी अँटेना बसवली आणि ते बॉम्बशोधक यंत्र म्हणून इराकला विकलं. आत कसलंही काम करणारं यंत्र नव्हतं. ती निव्वळ पाणाड्याची तार होती. बगदादच्या नाक्यांवर शिपाई ती हातात धरून गाड्या तपासत, आणि बॉम्ब भरलेल्या गाड्या पुढे जात. २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयानं त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. तार धरणाऱ्या शिपायांचा विश्वास प्रामाणिक होता. तार त्यांच्याही हातात खरोखर वळत होती.

आबांची आणि त्या व्यापाऱ्याची बरोबरी मी स्वप्नातही करणार नाही. पण नुकसानाचं मूळ एकच आहे: न पारखलेल्या साधनावर जीव किंवा कर्ज टाकणं. आपल्याकडे एक बोअर फेल गेला की पाणाडा बदलतो, दुसरा पॉइंट निघतो, दुसरं कर्ज होतं, मग तिसरं. खोली वाढत जाते. २००९ च्या राज्याच्या भूजल कायद्यानं ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर म्हटलं आहे आणि तिच्यावर निर्बंध आणले आहेत. त्याच्या कितीतरी खाली आज गाड्या उतरतात. तळातलं जुनं पाणी उपसलं की शेजारची विहीर आटते. काडी फक्त "कुठे" सांगते. खाली किती पाणी आहे, दर वर्षी किती मुरतं, गावानं किती उपसावं, हे ती सांगत नाही.

याच तालुक्यातल्या टाकेवाडीनं २०१८ मध्ये श्रमदान करून वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. पाणी मुरवणं माणसाच्या हातात आहे, हे आपल्या शेजारच्या गावानं दाखवलं आहे.

२२ मे

ग्रामसभेत बोलले. बरोबर भाची होती आणि विशेष म्हणजे आबाही आले. त्यांना मी आधी विचारलं होतं, "तुमच्या सगळ्या पॉइंटांची नोंद ठेवली तर चालेल का? लागलेल्या आणि कोरड्याही?" ते म्हणाले, "ठेवा की. माझं खोटं असंल तर मलाबी कळू दे." या वादात इतकं सरळ वाक्य मी कोणत्याही विद्वानाच्या लेखात वाचलं नाही.

सभेनं एक जाड वही घेतली. ती ग्रामपंचायतीत राहणार. तिच्यात गावातल्या जुन्या-नव्या प्रत्येक विहिरीची आणि बोअरची एक ओळ: गट क्रमांक, तारीख, खोली, खडक कुठे बदलला, पाणी कितीला लागलं, किती इंच, जागा कोणी दाखवली, काडीनं, यंत्रानं की मालकाच्या मनानं. आणि शेवटच्या रकान्यात पुढच्या मे महिन्याची स्थिती. पहिली नोंद माती ओढलेल्या त्या कोरड्या बोअरची झाली. काकांनी स्वतः सांगितली.

हे वाचणाऱ्या प्रत्येक गावाला माझी कळकळीची विनंती आहे. पाणाड्याला बोलावायचं की भूजलतज्ज्ञाला, हे तुम्ही ठरवा. दोघांना बोलावलंत तरी हरकत नाही. पण अशी एक वही घाला, आणि तिच्यात कोरडे बोअर लपवू नका. दहा वर्षांनी त्या वहीतून काडीचा खरेखोटेपणा तुमच्याच गावच्या आकड्यांनी ठरेल. आणि पुढचा बोअर घेणाऱ्या तुमच्या मुलाला, त्याच्या पायाखाली कुठला खडक आहे, हे पैसा खर्च होण्याआधी वाचता येईल.